झेंडू वेगळा, कॅलेंडुला वेगळा

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू दोन दिवसांत कोमेजतो आणि फोनवर संदेश फिरू लागतात : फुले फेकू नका, पाकळ्या वाटून चेहऱ्याला लावा, जखमेवर बांधा. सोबत पुरावा म्हणून कॅलेंडुला क्रीमची माहिती जोडलेली असते. घोळ होतो तो इथेच.

इंग्रजीत दोन्ही फुलांना ‘मॅरिगोल्ड’ म्हणतात. पण क्रीममधले फूल म्हणजे कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस, युरोपात औषधी म्हणून पूर्वापार वापरले जाणारे. आपला झेंडू टॅजेटीस इरेक्टा, मूळचा मेक्सिकोचा. कूळ सूर्यफुलाचेच, पण नाते लांबचे. एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर मांडता येत नाही.

मुळात कॅलेंडुलाचा पुरावाही संमिश्र आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २५४ महिलांवरील फ्रान्समधली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलेंडुला मलम लावणाऱ्यांपैकी ४१ टक्के महिलांच्या त्वचेला मध्यम किंवा तीव्र दाह झाला; दुसरे मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत साध्या क्रीमच्या तुलनेत काही फरक आढळला नाही. म्हणजे आशेला जागा आहे, खात्रीला नाही.

झेंडूचे काय? टोमॅटोच्या शेतात सूत्रकृमी आटोक्यात राहावेत म्हणून शेतकरी झेंडू लावतात. ते काम करणारी थायोफिन गटातली रसायने मुळांत अधिक असतात, पण झाडाच्या इतर भागांतही आढळतात. त्यांतली काही त्वचेवर असताना ऊन लागले, तर दाह होऊ शकतो. ज्यांना गाजरगवताची अॅलर्जी आहे, त्यांनी तर अधिकच जपावे. त्याच कुळातल्या इतर वनस्पतीही त्यांना त्रास देऊ शकतात. शिवाय बाजारातला झेंडू पिकतो तो सजावटीसाठी, त्वचेवर चोळण्यासाठी नव्हे. त्यावर कोणती फवारणी झाली, हे आपल्याला माहीत नसते.

याचा अर्थ झेंडू निरुपयोगी आहे असे नाही. त्याच्या पाकळ्यांतून ल्युटीन काढतात. अंड्याच्या बलकाला रंग यावा म्हणून ते कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि डोळ्यांसाठीच्या पूरक गोळ्यांतही. वयोमानानुसार दृष्टिपटल झिजण्याच्या विकारात डॉक्टर सुचवतात त्या गोळ्यांमध्ये ते साधारण १० मिलिग्रॅम असते. पण हे शुद्ध करून, मोजून घेतलेले द्रव्य आहे. पाकळ्यांचा लेप त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. क्रीमच्या वेष्टनावर नुसते ‘मॅरिगोल्ड’ न लिहिता वनस्पतीचे शास्त्रीय नाव ठळक छापावे. आणि आपण ते वाचून मगच पैसे मोजावेत. मधुमेह असलेल्या माणसाने तर पायाच्या जखमेवर फुलांचा लेप बांधून दिवस घालवूच नयेत. जखम झाकली जाते, आत संसर्ग वाढत राहतो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.

तोरणातला झेंडू उतरला की त्याचे खत करावे. चेहरा आणि जखम यांच्यासाठी मात्र डॉक्टरांनाच विचारावे.