पूर कोणता आणि गळती कोणती?

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याने या प्रदेशाची ‘अवर्षणग्रस्त’ ही जुनी ओळख निदान काही आठवडे तरी खोटी ठरविली. जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, गोदाकाठ जलमय झाला, उभी पिके मातीसकट वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. ज्याची जमीनच खरवडून गेली त्या शेतकऱ्याच्या दुःखापुढे शहरातील गळक्या छपराची गोष्ट क्षुल्लक वाटेल, आणि या दोहोंची तुलना करण्याचा आमचा उद्देशही नाही. परंतु छत्रपती संभाजीनगरातील मध्यमवर्गीय गृहस्थाने आयुष्यभराची पुंजी ज्या चार भिंतींत घातली, त्या भिंती अशा पावसात ओल्या होतात, छताचा गिलावा पलंगावर कोसळतो, विजेच्या तारांत पाणी उतरते, कपाटातील वस्त्रे आणि ग्रंथ कुजतात, आणि या हानीची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. या प्रश्नाचा विचार पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, शांत डोक्याने एरवीच झाला पाहिजे.

सरकारी मदतीची आशा या बाबतीत धरण्यात अर्थ नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे जे निकष ठरले, त्यांत सपाट प्रदेशातील पक्के घर संपूर्ण नष्ट झाल्यास १ लाख २० हजार रुपये आणि अंशतः पडझड झाल्यास ६,५०० रुपये अशी तरतूद होती. पडझडदेखील किमान १५ टक्के असावी, अशी अट होती. झिरपणारे छत म्हणजे पडझड नव्हे. तेव्हा सरकारच्या लेखी हे घर सुरक्षितच असते. उरतो तो विमा. ज्यांनी तो घेतला आहे, किंवा कर्ज देणाऱ्या बँकेने ज्यांच्याकडून तो घेवविला आहे, ते गृहस्थ पाऊस ओसरल्यावर कपाटातील ते विमापत्र बाहेर काढतात आणि बहुधा प्रथमच वाचू लागतात. त्यांच्या वाट्याला येणारी निराशा येथूनच सुरू होते.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे प्रमाणित विमापत्र सर्व साधारण विमा कंपन्यांना सक्तीचे केले. ही सुधारणा स्वागतार्ह होती, हे प्रथम सांगावयास हवे. पूर्वी प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा उतरविला असेल, तर भरपाईतही त्याच प्रमाणात कात्री लागे. नव्या विमापत्राने घरमालकाच्या बाबतीत ती कात्री काढून टाकली. घराच्या विम्याबरोबर घरातील सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, परंतु १० लाख रुपयांच्या मर्यादेत, आपोआप संरक्षण दिले. विम्याची रक्कम जमिनीच्या बाजारभावावर नव्हे तर बांधकामाच्या खर्चावर ठरेल, असे स्पष्ट केले. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर आणि जलमयता, भूस्खलन, पाण्याच्या टाक्या अथवा नळ फुटणे किंवा भरून वाहणे, अशा संकटांची नावे घेऊन यादी दिली.

या यादीत पाऊस नाही. वादळ आहे, पूर आहे, पण केवळ पाऊस नाही. आणि आपल्या शहरातील बहुसंख्य घरांचे नुकसान वादळाने होत नाही, पुरानेही होत नाही. खाम नदीच्या काठावरील वस्त्यांत पाणी शिरते तेव्हा तो पूर, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. परंतु गारखेड्यातील वा सिडकोतील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत गच्चीवरून पाणी उतरते, तेव्हा तो पूर म्हणावयाचा की गळती? भरपाई मिळणार की नाही, हे सर्वस्वी या एका शब्दावर अवलंबून असते. आणि हा शब्द वापरणाऱ्या विमापत्रात छतावर साचलेल्या पाण्याचे काय, हे कोठेही स्पष्ट केलेले नाही. निर्णय पाहणीस येणाऱ्या सर्व्हेयरच्या टिपणीवर राहतो. ‘नैसर्गिक झीज’ एवढे दोन शब्द त्या टिपणीत पडले, की दावा तेथेच संपतो.

हा घोळ आपल्याच देशातील आहे असे नव्हे. विम्याचा धंदा ज्या इंग्लंडातून आपल्याकडे आला, तेथील न्यायालयांनाही तो सोडवावा लागला. १९७६ साली ‘यंग विरुद्ध सन अलायन्स’ या खटल्यात घरात जमिनीतून झिरपून साचलेल्या सुमारे तीन इंच पाण्याला पूर म्हणता येणार नाही, पुराला काही एक आकस्मिकता आणि मोठेपणा हवा, असा निर्णय झाला. पुढे १९९८ साली ‘रोहन इन्व्हेस्टमेंट्स विरुद्ध कनिंगहॅम’ या खटल्यात सपाट छतावर साचलेले पावसाचे पाणी सदनिकेत शिरले, तेव्हा मात्र तो पूरच होय असे त्याच देशाच्या अपील न्यायालयाने मानले. पाणी जवळपास तेवढेच, शब्द तोच, आणि निकाल दोन. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात सामान्यतः असे कलम असते, की वाऱ्याने प्रथम छताला वा भिंतीला भगदाड पाडले पाहिजे, आणि त्या भगदाडातून आत आलेल्या पावसाचीच भरपाई मिळेल. पुराचा विमा तर तेथे १९६८ पासून शासनाच्या वेगळ्या योजनेखाली घ्यावा लागतो. ते कलम कठोर आहे, पण निदान विमेदाराला आपण कोठे उभे आहोत हे आधी कळते. आपल्याकडे कठोरपणा आहे आणि स्पष्टपणा नाही.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. विमा अपघाताचा असतो, अटळ गोष्टीचा नव्हे. ज्या गच्चीला पंधरा वर्षांत कोबा वा जलरोधक लेप लागलेला नाही, ती गळणार हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. अशा प्रत्येक गळतीची भरपाई करावयाची ठरली, तर आपली गच्ची दरवर्षी तपासणाऱ्या दक्ष गृहस्थाच्या हप्त्यातून बेफिकीर शेजाऱ्याचे छत दुरुस्त होईल. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. मान्य नाही तो त्याचा सरसकट वापर. चार पावसाळे जी गच्ची कोरडी राहिली, ती एका रात्रीच्या अतिवृष्टीत नळीची निचराशक्ती अपुरी पडून तुडुंब भरली आणि दाराच्या उंबऱ्यावरून पाणी खोलीत उतरले, तर त्यात झीज कोठली? मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसापुढे टिकेल अशी निचऱ्याची व्यवस्था कोणत्या गृहस्थाने केलेली असते? नुकसानीचे निकटचे कारण कोणते, हा विम्याच्या कायद्यातील मूळ प्रश्न आहे. छताला जुनी भेग आहे एवढ्यावरून तो प्रश्न निकालात निघत नाही.

आपल्या पूर्वजांना या प्रश्नाचे उत्तर कागदावर शोधावे लागत नव्हते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांवर दर वर्षी मृगापूर्वी नवी माती चढविली जाई, ती चोपून, उतार काढून, पन्हळी मोकळ्या केल्या जात. जो हे करीत नसे त्याचे घर गळे, आणि गाव त्याला नावे ठेवी. सिमेंटच्या छताने आपली ही सवय मोडली. छत पक्के झाले म्हणजे निष्काळजीपणाला मोकळीक मिळाली, अशी जणू आपली समजूत झाली. त्यातच आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते; तिच्यावर बेतास बात पाया घालून उभारलेल्या भिंतींना तडे जातात आणि पाणी त्याच तड्यांतून वाट काढते. विमापत्रात जमीन खचण्याला संरक्षण आहे खरे, परंतु नव्या बांधकामाचे स्वाभाविक बसणे, त्यातील नेहमीचे तडे आणि सदोष बांधकाम त्यातून वगळलेले आहे. म्हणजे जेथे हानी सर्वाधिक संभवते, तेच दार बंद आहे.

तथापि एका गोष्टीकडे विमेदारांचे दुर्लक्ष होते. नळाला किती दिवसांनी पाणी येते, हा प्रश्न ज्या नगरात वर्षानुवर्षे एकमेकांच्या कुशलप्रश्नाइतका नित्याचा झाला, तेथे प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग आणि प्रत्येक अंगणात हौद असणे ओघानेच आले. या टाक्या फुटल्या, भरून वाहिल्या किंवा नळ तुटला तर होणारे नुकसान विमापत्रात नाव घेऊन समाविष्ट आहे. छतावरून आलेले पाणी पावसाचेच असते असे नाही. ते टाकीचे असेल तर तसे दाव्यात स्पष्ट लिहावे, छायाचित्रे काढावीत, हानी वाढू नये एवढीच तातडीची व्यवस्था करावी आणि पाहणी होईपर्यंत तुटलेला नळ फेकून देऊ नये.

आता सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे वळू, कारण खरी गळती तेथे आहे. महाराष्ट्रातील संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाह्य भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, इतकेच नव्हे तर गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरील सदनिकांच्या छताचे व गिलाव्याचे जे नुकसान होते, त्याची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची आहे. त्यासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग निधी सभासदांकडून घ्यावा, असेही त्यांत आहे. व्यवहारात काय दिसते? मासिक वर्गणी कमी ठेवणे हेच कार्यकारिणीच्या लोकप्रियतेचे साधन ठरते, निधी नाममात्र राहतो, आणि वरच्या मजल्यावरचा गृहस्थ तक्रार घेऊन आला की खालच्या मजल्यावरच्यांना ती त्याची खासगी अडचण वाटते. गच्ची सर्वांची असते ती लग्नकार्याच्या वेळी. पावसाळ्यात ती एकट्या वरच्या मजल्याची होते. उपविधींनी इमारतीचा विमाही संस्थेवर बंधनकारक केला आहे, परंतु तो आग आणि भूकंप यांचा. पाण्याचा उल्लेख तेथेही नाही. ज्या राज्यात दर पावसाळ्यात कोठे ना कोठे घरे पाण्यात जातात, त्या राज्याच्या उपविधींत ही उणीव इतकी वर्षे राहावी, याचे नवल वाटते.

नव्या इमारतींच्या बाबतीत विम्याच्या आधी बिल्डरला जाब विचारावयास हवा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात वा कारागिरीत दोष आढळला, तर प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे, असे बंधन घातले आहे. या मुदतीत गळणाऱ्या छतासाठी विमा कंपनीकडे धाव घेणारे गृहस्थ आपला बळकट हक्क सोडून दुबळ्या हक्कामागे लागतात.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’च्या मसुद्यात अतिवृष्टीने छतावर वा गच्चीवर साचलेले पाणी घरात शिरल्यास ती जलमयता मानावी की नाही, हे एका वाक्यात सांगावे. मानावयाची नसेल तर जादा हप्ता घेऊन ते संरक्षण देणारे पुरवणी कलम प्रत्येक कंपनीने समोर ठेवावे. विमापत्राची प्रत ग्राहकाला मराठीत मिळावी, आणि बँकेने कर्जाबरोबर घेतलेल्या विम्याची प्रत बँकेच्या कपाटात न राहता कर्जदाराच्या हाती पडावी. केंद्र सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा वस्तू व सेवा करातून मुक्त केला, पण त्या वेळी घराच्या विम्याला ती सवलत दिली नाही. माणसाचे आरोग्य करमुक्त आणि त्याचे छप्पर करपात्र, या भेदाचे समर्थन अर्थमंत्रालयाने एकदा करून दाखवावे.

दरम्यान ज्यांचा दावा केवळ एका शब्दाच्या जोरावर फेटाळला गेला आहे, त्यांनी ते पत्र फाईलीत लावून गप्प बसू नये. कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे दाद न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येते. वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तेथे चालतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कागदपत्रांच्या अभावी दावा नाकारू नये, असे प्राधिकरणाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे, तेही स्मरणात ठेवावे. आणि संस्थांच्या वार्षिक सभा कायद्याने सप्टेंबरअखेर व्हावयाच्या असतात, म्हणजे पाऊस बहुतेक पडून गेल्यावर. यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर गच्चीची पाहणी, दुरुस्ती निधीचा प्रत्यक्ष शिलकी आकडा आणि इमारतीच्या विम्यात पुराचा समावेश हे तीन विषय लेखी मागणी करून आजच घालून घ्यावेत. आयत्या वेळचे विषय म्हणून ते मांडले, तर ते पुढच्या सप्टेंबरवर ढकलले जातील.