विश्लेषण : रॅम महागल्याने गेमिंग संगणकाचे गणित कसे बदलले?

बारावीनंतर अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की अनेक घरांत संगणक घेण्याचा विषय निघतो. अभ्यासही होईल आणि गेमही खेळता येतील, असा संगणक सुटे भाग निवडून ‘असेंबल’ करून घेणे हा आजवर स्वस्त मार्ग होता. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या आणि हा हिशेब बिघडला. मर्यादित पैशांत आता कोणता भाग आधी घ्यावा, याचा क्रम नव्याने लावावा लागणार आहे.

रॅम का महागली?

जगातील बहुतांश डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. २०२३मध्ये मागणी घटून भाव कोसळले, कंपन्यांना तोटा झाला आणि त्यांनी उत्पादन कमी केले. त्यानंतर कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा सेंटरची मागणी वाढली. तिथे लागणाऱ्या एचबीएम या मेमरीत नफा अधिक असतो. मात्र तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ मेमरीच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन लागते. परिणामी घरगुती संगणकांच्या वाट्याचे उत्पादन आटले. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी पुरवठ्यासंबंधी प्राथमिक करार केले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. ग्राहकाचे स्थान रांगेत कुठे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतात झळ अधिक का?

भारतात डीरॅमची चिप तयार होत नाही. गुजरातमधील साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प जुळणी आणि चाचणीचा आहे. त्यामुळे खरेदी डॉलरमध्ये होते आणि डिसेंबर २०२५मध्ये रुपयाने डॉलरमागे ९०ची पातळी ओलांडली. त्यावर सुट्या भागांना १८ टक्के जीएसटी लागतो. जागतिक दरवाढ, घसरलेला रुपया आणि त्या वाढीव रकमेवरचा कर असे तिन्ही भार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील ग्राहकाच्या बिलात एकत्र येतात.

डीडीआर४ घ्यावी की डीडीआर५?

हा निर्णय केवळ रॅमचा नाही. एएमडीच्या एएम५ मदरबोर्डवर डीडीआर५च चालते, तर जुन्या एएम४वर डीडीआर४. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरसाठी दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात, पण एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. एएम५ घेतल्यास पुढे फक्त प्रोसेसर बदलून संगणक सुधारता येतो. एएम४चा मार्ग तिथेच संपतो. तरीही रायझन ५ ५६००सारखा सहा कोअरचा प्रोसेसर १०८०पी खेळासाठी आजही पुरेसा आहे. घरातील जुन्या संगणकात चांगली डीडीआर४ पडून असेल, तर एएम४ हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो. दोन्ही नव्याने घ्यायच्या असतील तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांच्या एकत्रित किमतीची तुलना करावी, कारण डीडीआर४सुद्धा महागली आहे.

किती रॅम पुरेशी?

गेमिंगसाठी १६ जीबी हे आजचे व्यवहार्य प्रमाण आहे. ३२ जीबीचा मोह तूर्त टाळता येईल. आठ जीबीच्या दोन पट्ट्या एका १६ जीबी पट्टीपेक्षा वेगवान चालतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर हा फरक सोसता येतो. एक पट्टी आता घेऊन दुसरी पुढे बसवता येईल. पण रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सवर खेळायचे असेल तर दोन पट्ट्या हव्यातच. तिथे ग्राफिक्सही याच रॅमवर चालते.

काटकसर कुठे करावी?

गेमचा अनुभव सर्वाधिक ग्राफिक्स कार्डवर ठरतो, त्यामुळे बजेटचा मोठा वाटा तिथेच द्यावा. आठ जीबीचे कार्ड १०८०पीला चालते, मात्र नव्या गेममध्ये टेक्श्चरचा दर्जा कमी करावा लागू शकतो. इंटेलच्या आर्क बी५८०मध्ये १२ जीबी मिळते; पण जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग घटतो. रंगीत दिवे, काचेचे कॅबिनेट, पाण्याने थंड होणारा कूलर यांत पैसे वाचवावेत. एसएमपीएसमध्ये मात्र वाचवू नयेत. स्वस्त, बिननावाचा एसएमपीएस बिघडला तर सोबत महागडे भागही जाऊ शकतात.

वापरलेली रॅम हा बऱ्यापैकी सुरक्षित पर्याय आहे. तिची झीज फारशी होत नाही आणि मेमटेस्टसारख्या मोफत साधनाने ती तपासता येते. वापरलेले ग्राफिक्स कार्ड मात्र समोर चालवून पाहिल्याशिवाय आणि मूळ बिलाशिवाय घेऊ नये.

थांबावे की घ्यावे?

मेमरीचे भाव चढतात तसे उतरतातही; २०१७च्या तेजीनंतर ते २०१९मध्ये घसरले होते. मात्र नवा चिप कारखाना उभारून उत्पादन सुरू व्हायला काही वर्षे लागतात आणि २०२३चा तोटा कंपन्या विसरलेल्या नाहीत. त्यामुळे अभ्यासासाठी संगणक लगेच हवा असेल, तर काही महिने थांबून फायदा होईलच असे नाही. अंतर्गत ग्राफिक्सचा संगणक आता घेऊन कार्डासाठी पुढे पैसे साठवणे हा मधला मार्ग आहे. मात्र त्यासाठी एसएमपीएस पहिल्याच दिवशी पुरेशा क्षमतेचा घ्यावा लागेल.