गंगाजळीवर वाहणारा ओइरासे

जपानला जाणारा भारतीय प्रवासी बहुधा टोकियो, क्योतो आणि फुजी पर्वत एवढे पाहून परततो. होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाशी असलेल्या आओमोरी प्रांताकडे त्याची पावले क्वचितच वळतात. त्याच प्रांतात तोवादा सरोवरातून निघून दाट अरण्यातून वाहणारा ओइरासे नावाचा प्रवाह आहे. सरोवराच्या काठावरील नेनोकुची या ठिकाणापासून याकेयामापर्यंतचा त्याचा सुमारे १४ कि.मी.चा भाग जपानी लोक देशातील अत्यंत रमणीय स्थळांत गणतात. १९२८ साली सरोवर आणि प्रवाह या दोहोंना निसर्गस्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९३६ साली हा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

ओइरासे हा दुरून पाहण्याचा देखावा नव्हे. तो सोबतीने चालण्याचा प्रवाह आहे. पायवाट त्याच्या अगदी काठाने जाते आणि अनेक ठिकाणी ती पाण्याच्या पातळीहून फारशी उंचही नाही. १४ कि.मी.च्या अंतरात उतार सुमारे २०० मीटरचा असल्याने चालणाऱ्याला धाप लागत नाही. जाणकार लोक प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर चालण्याचा सल्ला देतात. तसे केल्यास पाणी सामोरे येते आणि त्याचे रूप अधिक चांगले दिसते. संपूर्ण वाट चालण्यास चार-पाच तास लागतात. ज्येष्ठांना एवढे चालणे शक्य नसल्यास इशिगेदोपासून कुमोई धबधब्यापर्यंतचा तासाभराचा टप्पाही समाधान देऊन जातो.

या वाटेवर भारतीय मनाला थबकविणारे एक नाव आढळते. जेथे पाणी खडकांना धडकून सर्वाधिक खळाळते, त्या जागेला ‘आशुरा नो नागारे’ म्हणजे ‘आशुराचा प्रवाह’ म्हणतात. हा आशुरा म्हणजे आपल्या संस्कृतातील ‘असुर’. बौद्ध धर्माबरोबर हा शब्द चीनमार्गे जपानात पोहोचला. सरोवराच्या बाजूस चोशी ओताकी हा सुमारे ७ मीटर उंच आणि २० मीटर रुंद धबधबा आहे. एवढे दोन अपवाद वगळले, तर प्रवाहाची वृत्ती बहुतांशी शांत आहे.

या शांततेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डोंगरातील सामान्य ओढा पावसाळ्यात उन्मत्त होतो आणि पाऊस सरला की रोडावतो. पुरात दगड गडगडत जातात, काठ खचतात, त्यामुळे पात्रात काही रुजू शकत नाही. ओइरासेची स्थिती निराळी आहे. त्याच्या पाठीशी सुमारे ६१ चौ. कि.मी. विस्ताराचे, ज्वालामुखीच्या विवरात साठलेले तोवादा सरोवर आहे. त्याची कमाल खोली सुमारे ३२७ मीटर असून खोलीच्या बाबतीत ते जपानात तिसरे आहे. मुसळधार पाऊस पडला तरी एवढ्या विस्तीर्ण जलाशयाची पातळी थोडीच वाढते आणि पाऊस लांबला तरी ती एकाएकी घटत नाही. या सरोवरातून बाहेर पडणारी नैसर्गिक वाट एकच, ती म्हणजे ओइरासे. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर ज्या पेढीची गंगाजळी भक्कम असते तिचा रोजचा व्यवहार तेजी-मंदीने डळमळत नाही. ओइरासे अशाच गंगाजळीवर वाहतो.

या स्थैर्याचे फळ म्हणजे तेथील शेवाळ. प्रवाहाच्या मधोमध असलेल्या खडकांवरही हिरव्या मखमलीसारखा थर चढलेला दिसतो, कारण पूर येऊन तो खरवडून नेत नाही. या परिसरात शेवाळाचे सुमारे ३०० प्रकार आढळतात. शेवाळ ओलावा धरून ठेवते, त्या ओलाव्यावर झाडाचे बी रुजते आणि कालांतराने त्याची मुळे खडकाला कवटाळून उभी राहतात. उन्मळून पडलेली झाडेही शक्यतो आहेत तेथेच राहू दिली जातात. त्यांच्यावर पुन्हा शेवाळ आणि पुन्हा नवी रोपे येतात. म्हणूनच पायवाट सोडून शेवाळावर पाऊल ठेवू नये, हा तेथील पहिला शिष्टाचार होय. क्षणभरात चिरडला गेलेला थर पूर्ववत होण्यास कितीतरी वर्षे लागतात.

परंतु ही शांतता केवळ निसर्गाची देणगी आहे, असे मानणे अपुरे ठरेल. या पाण्यावर अनेकांचा हक्क आहे. खालच्या बाजूस सानबोंगीचे मैदान पाण्यावाचून पडीक होते. नितोबे त्सुतो या सामुराईने डोंगरातून बोगदे खोदून ओइरासे नदीचे पाणी तेथे नेण्याचे काम हाती घेतले आणि १८५९ साली ते पाणी मैदानात पोहोचले. त्या जमिनीत भात पिकले, त्याच सुमारास, १८६२ साली, त्याच्या नातवाचा जन्म झाला आणि भातपिकावरून त्याचे नाव इनानोसुके ठेवण्यात आले. हाच नातू पुढे इनाझो नितोबे म्हणून जगाला परिचित झाला. ‘बुशिदो’ या ग्रंथाचा हा लेखक राष्ट्रसंघाचा उपमहासचिव झाला आणि १९८४ पासून जपानच्या ५,००० येनच्या नोटेवर अनेक वर्षे त्याचे चित्र होते.

विसाव्या शतकात दोन नवे हक्कदार पुढे आले. ओमाची केइगेत्सु या साहित्यिकाच्या प्रवासवर्णनांमुळे तोवादा आणि ओइरासे यांची कीर्ती देशभर पसरली आणि प्रवासी येऊ लागले. पुढे वीजनिर्मितीसाठीही सरोवराच्या पाण्याची मागणी झाली. शेतकऱ्याला सिंचन हवे होते, उद्योगाला वीज हवी होती आणि प्रवाशाला खळाळता प्रवाह हवा होता. यांपैकी एकालाच सर्व पाणी दिले असते, तर उरलेले दोघे कोरडे राहिले असते. १९३०च्या दशकात यावर तोडगा निघाला. नेनोकुची येथे सरोवराच्या मुखाशी दरवाजे बसविण्यात आले. प्रवासी हंगामात दिवसा सेकंदाला सुमारे साडेपाच घनमीटर पाणी प्रवाहात सोडण्यात येते आणि रात्री त्याचे प्रमाण कमी केले जाते. विजेसाठीचे पाणी दुसऱ्या वाटेने, बोगद्यातून नेले जाते. प्रवाशाला जे सहजसुंदर वाटते, त्यामागे असा मोजून-मापून पाळलेला हिशेब आहे. हे समजल्याने सौंदर्य उणावत नाही. उलट कोणी किती घ्यायचे हे ठरवून त्या मर्यादेत राहणाऱ्यांविषयी आदर वाढतो.

हिशेबातील एक कलम मात्र अद्याप पुरते मिटलेले नाही. प्रवाहाला लागूनच राष्ट्रीय महामार्ग जातो आणि शरद ऋतूत पाने रंगू लागली की मोटारींची रीघ लागते. त्या दिवसांत ठरावीक काळ खासगी वाहनांना मज्जाव करण्याची पद्धत पडली आहे. शिवाय येणारी-जाणारी वाहतूक प्रवाहापासून दूर नेण्यासाठी डोंगरातून बोगद्याचा पर्यायी मार्ग काढण्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. सौंदर्य पाहण्यास येणाऱ्यांची गर्दीच त्या सौंदर्याला मारक ठरते, ही अडचण जगातील प्रत्येक रम्य स्थळापुढे उभी आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक बाबी. टोकियोहून शिनकान्सेन रेल्वेने हाचिनोहे किंवा शिन-आओमोरी येथे सुमारे तीन तासांत पोहोचता येते. तेथून हंगामात बस मिळतात. मेअखेर ते जून हा कोवळ्या पालवीचा आणि ऑक्टोबरचा उत्तरार्ध हा रंगीत पानांचा काळ. हिवाळ्यात बर्फ फार पडते, त्यामुळे कुटुंबासह चालण्यास तो काळ योग्य नव्हे. आहाराचा प्रश्न मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचा अर्क सर्रास वापरतात आणि तो बहुधा सुकविलेल्या माशांपासून करतात. म्हणून केवळ भाज्या दिसणारे सूपही शाकाहारी असेलच असे नाही. बौद्ध मठांच्या परंपरेतील ‘शोजिन र्‍योरी’ या भोजनात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. परंतु त्यात कंदमुळे असतात. त्यामुळे खाकरा, ठेपले, दशम्या यांची शिदोरी सोबत असणे हेच उत्तम. उरलेसुरले आणि वेष्टने मात्र आपल्याच पिशवीतून परत न्यावीत.

परदेशप्रवासात बाजारपेठा आणि उंच इमारती पाहण्यात दिवस सरतात. त्यातील एक दिवस ओइरासेसाठी राखून ठेवावा. साठा राखून रोजचा खर्च बेताने करणे आणि सर्व हक्कदारांची बाकी चुकती करणे, ही जी शिकवण व्यापारी घरातील वडीलधारी माणसे मुलांना देतात, ती तेथे वाहत्या पाण्यात डोळ्यांनी पाहावयास मिळते.