जमिनीवर बसा, हात न टेकता उठा : इंदूरकर मराठी मंडळींना आवाहन

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर आणि शहरभर विखुरलेल्या सर्व मराठी कुटुंबांना हे आवाहन आहे. विषय पोटाचा आहे, पण पोह्यांवरची शेव बंद करा, जिलबी सोडा, सराफ्यात फिरकू नका असे सांगायला हे लिहिलेले नाही. मागणी एवढीच : दिवसातून निदान एकदा, जेवायला नाही तर संध्याकाळच्या चहाला, घरातल्या सगळ्यांनी जमिनीवर मांडी घालून बसावे आणि उठताना हातांचा आधार जमेल तितका कमी घ्यावा. पोटाच्या स्नायूंची ताकद टिकवायला याहून सोपी आणि बिनखर्चाची सवय आपल्या घरांत दुसरी नाही. ही सवय आपल्याकडे होती, आणि आपण ती दोन पिढ्यांत हातची घालवली.

पोटाचे स्नायू म्हटले की तरुणांना सिक्स पॅक आठवतो. तो फक्त पुढचा, उभा स्नायू. त्याच्या दोन्ही अंगांना तिरक्या स्नायूंचे दोन थर असतात आणि सगळ्यांत आत एक आडवा स्नायू पोटाला कमरपट्ट्यासारखा वेढून असतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, मागे मणक्यांलगतचे छोटे स्नायू, ही सगळी मंडळी मिळून कंबर धरून ठेवतात. त्यांची ओळख करून घ्यायची तर उताणे पडा, गुडघे दुमडा, कमरेच्या पुढच्या दोन हाडांच्या जरा आतल्या बाजूला बोटे ठेवा आणि हलकेच खोका. बोटांखाली जे टणक होते ते हेच. बादली उचलताना, स्कूटर स्टँडवर चढवताना, नातवंडाला कडेवर घेताना ते आपोआप आवळले जायला हवेत. ऑस्ट्रेलियातले संशोधक पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली दाखवले की निरोगी माणूस नुसता हात वर करतो तेव्हाही हा आतला आडवा स्नायू हाताच्या आधी कामाला लागतो. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र त्याला उशीर होतो. पुढे कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्यासारख्या अभ्यासकांनी एकाच स्नायूवर भर देण्याला आक्षेप घेतला. कंबर सांभाळायची तर भोवतीचे सगळेच स्नायू एकत्र आवळले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंकडून निघणारा अर्थ आपल्यापुरता एकच आहे : हे स्नायू दिवसभराच्या हालचालींत वापरात राहिले पाहिजेत. सकाळी दहा मिनिटे व्यायाम आणि उरलेला दिवस सोफ्यावर रेलून, याने ते साधत नाही.

आणि वापर नेमका घरातूनच गेला. पाटावरची पंगत गेली, टेबल आले. चुलीपुढे उकिडवे बसणे गेले, ओटा आला. देवपूजेलाही आता कित्येक घरांत स्टूल असते. जाते आणि विहीर परत आणा असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. ते बायकांच्या वाट्याला आलेले सक्तीचे कष्ट होते आणि ते गेले ते बरेच झाले. पण त्या कष्टांबरोबर जमिनीवर बसण्याउठण्याची साधी हालचालही गेली, जी कष्टाची नव्हती आणि जिची जागा दुसऱ्या कशानेही घेतली नाही. खुर्चीत पाठ टेकली की पोटाचे स्नायू सैल सुटतात. मांडी घालून, पाठ न टेकता बसले की ते मंदपणे का होईना सतत काम करत राहतात. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटावर जादा चरबी आढळली. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर कंबर ही मर्यादा धरतात. घरातल्या शिवणाच्या टेपने ती आजच मोजता येईल.

आता जमिनीवरून उठताना काय होते ते बारकाईने पाहा. मांडी सुटते, एक पाऊल पुढे येऊन टेकते, धड पुढे झुकते, आणि एका क्षणी सगळे वजन पुठ्ठ्यांवरून सुटून पायांवर येते. त्या क्षणी पोट आवळले नाही तर धड मागे पडते आणि हात आपोआप जमीन शोधतात. म्हणजे हात टेकावा लागणे ही पायांइतकीच पोटाचीही तक्रार असते. कोणी म्हणेल, उठण्यात खरे काम मांड्यांचे. ते बरोबरच आहे, पण मांड्यांचा जोर धडापर्यंत पोहोचवायला मधला भाग घट्ट हवा, आणि तो घट्टपणा ही पोटाची जबाबदारी. बसतानाही धपकन न बसता सावकाश खाली गेले तर हेच स्नायू दुसऱ्यांदा कामाला लागतात. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ गिल अराऊजो यांनी या बसण्याउठण्याचीच चाचणी बनवली. दहा गुण, आणि प्रत्येक हात किंवा गुडघा टेकला की एक गुण कमी. ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ जणांचा त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि कमी गुणांच्या लोकांत पुढच्या सुमारे सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त निघाले. याचा अर्थ जमिनीवरून उठल्याने आयुष्य वाढते असा लावू नये. ज्याची ताकद, तोल आणि सांधे शाबूत आहेत तोच नीट उठतो, एवढे त्यातून कळते. पण या तिन्ही गोष्टी सरावाने सुधारतात.

तरुणांचा आक्षेप वेगळा असतो : त्यापेक्षा जिममध्ये जाऊन पन्नास सिट-अप मारू. जिमला विरोध नाही. पण मॅकगिल यांच्या मोजणीनुसार एका सिट-अपमध्ये कण्यावर सुमारे ३,३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे तीनशे किलोहून जास्त भाराइतका. रोज पन्नास वेळा तो सोसण्यात शहाणपण नाही. शिवाय सिट-अपने पोटाची चरबी जात नाही. २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका लहानशा प्रयोगात सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंचा दम वाढला, कंबर मात्र तेवढीच राहिली. हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण जमिनीवर बसल्यानेही ढेरी उतरणार नाही. त्यासाठी चालणे आणि ताटातले प्रमाण हेच उपाय आहेत. इथे प्रश्न ताकदीचा आहे, आणि ताकद नसलेले सपाट पोटही कंबर सांभाळू शकत नाही. मेघदूत उपवनात किंवा नेहरू पार्कात रोज चालणाऱ्यांनीही एवढ्यावर समाधान मानू नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम हालचाल सांगते, आणि तिच्या जोडीला निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायामही सांगते. चालण्यात हा दुसरा भाग येत नाही.

गुडघ्यांचा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. ज्यांचे सांधे बदलले आहेत, संधिवात आहे, चक्कर येते, त्यांनी जमिनीचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी पायऱ्या आहेत : आधी खुर्चीतून हात न टेकता उठणे, मग चौरंग, मग पाट, आणि शेजारी भिंत किंवा घरातले माणूस. पुष्कळांची मजल खुर्चीपर्यंतच राहील, आणि तीही मोठी कमाई आहे. हर्निया असलेल्यांनी आणि सिझेरियन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर झालेले असतात, तेव्हा अंथरुणातून झटक्याने सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने उठावे. रक्तदाब असलेल्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये. खरे तर हा नियम सगळ्यांनाच लागू आहे : बादली, सिलिंडर, मंडईतल्या पिशव्या उचलताना श्वास सोडत उचला, आणि पिशवी एकाच हातात असेल तर वाटेत हात बदला. एका बाजूचा भार तोलताना दुसऱ्या बाजूचे तिरके स्नायू काम करतात, ते दोन्हीकडे वाटून जाऊ द्या.

‘आम्ही दिवसभर घरकामच करतो’ असे कित्येक गृहिणी म्हणतील. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे किंवा कंबरेत वाकून केर काढणे याने पोट बळकट होत नाही, पाठ शिणते. आणि जी बाई आपल्याकडे उकिडवी बसून फरशी पुसते, तिला या लेखातल्या व्यायामाची गरज नाही. तिला लांब दांड्याचे पुसणे आणि विश्रांती हवी आहे, ती तिला द्या.

आपल्या मंडळांना वेगळी विनंती. सूर्यनमस्कार आपल्याला नवे नाहीत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी विसाव्या शतकात त्यांचा ध्यास घेतला होता, आणि मध्य प्रदेशात दर १२ जानेवारीला शाळांतून ते सामूहिक घातले जातात. रथसप्तमीला मंडळांनी ते घालावेत, पण संख्येची स्पर्धा लावू नये. पाय मागे नेऊन शरीर ताठ धरण्याची जी स्थिती असते, तिथे दोन श्वास थांबले तरच पोटाला काम मिळते, भराभर घातले की ते निसटते. मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, आणि शेजारच्या उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपल्या मुलांना तिथले वर्ग दाखवून आणायला एक रविवार पुरतो.

गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला मात्र सगळीकडे उभ्याने ताट घेऊन फिरण्याची पद्धत पडली आहे. यंदा प्रत्येक मंडळाने निदान दोन पंगती सतरंजीवर बसवाव्यात, ज्येष्ठांसाठी त्याच ओळीत खुर्च्या ठेवाव्यात म्हणजे कोणी वेगळे पडणार नाही, आणि वाढपाचे काम तरुणांकडे द्यावे. वाकून वाढताना गुडघे दुमडायचे, हे त्यांना आधी शिकवावे. सभासदांत कोणी फिजिओथेरपिस्ट असतील तर त्यांनी उत्सवातला एक तास द्यावा, ज्यांना उठताना हात टेकावा लागतो त्यांना एकेक करून पाहावे आणि कोणी पाटापासून सुरुवात करायची, कोणी खुर्चीपासून, ते सांगावे.