विचारणारा कोण?

यंदा, २०२५ मध्ये, उटण्याची पाकिटे दसऱ्यापासूनच दाराशी येऊ लागली. पाकिटात उटणे चिमूटभर, वरचा चेहरा मात्र ठसठशीत. तोच चेहरा रिक्षा स्टँडवरच्या कमानीवर, गणपतीत लावलेल्या आणि अजून न उतरलेल्या फलकांवर, आकाशकंदिलाच्या चारही अंगांना. खाली ‘भावी नगरसेवक’. कल्याण-डोंबिवलीकरांना याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली आहे आणि महापालिकेची निवडणूक या खेपेला खरोखरच होणार, असे आता इच्छुकांनाही वाटू लागले आहे.

मागची निवडणूक झाली १ नोव्हेंबर २०१५ रोजी. दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि पुढच्याच आठवड्यात दिवाळी आली. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून नगरसेवकांविना साजरी होणारी ही सहावी दिवाळी. कारणे बदलत गेली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागांची रचना. ती कधी एका सदस्याची, कधी तिघांची, कधी चौघांची. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे १९९३ पासून राज्यघटनेत लिहिलेले आहे. मुदत तेवढी काटेकोर पाळली गेली.

आपल्या शहराला हे नवे नाही. १ ऑक्टोबर १९८३ रोजी महापालिका स्थापन झाली आणि पहिल्या निवडणुकीला १९९५ साल उजाडले. बेचाळीस वर्षांच्या या संस्थेची सुमारे सतरा वर्षे लोकप्रतिनिधींशिवाय गेली. आमच्या यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग महापालिकेच्या पैशावर आहे, त्याचे कारण हेच. दिवाळी अंकात पालिका कशाला, असे काही वाचकांना वाटेल. फराळासोबत वाचायला हा विषय रुक्ष आहे खरा. पण कर भरणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी तो चघळावा, असे आम्हाला वाटते.

या पाच वर्षांत पालिका बंद पडली नाही, हे आधी मान्य करू. वर्षानुवर्षे ज्या आधारवाडी कचराभूमीच्या धुराने कल्याण पश्चिमेला खोकायला लावले, ती २०२१ मध्ये बंद झाली, आणि तेव्हा सभागृह अस्तित्वात नव्हते. म्हणूनच लोकलमध्ये, कट्ट्यावर, सोसायटीच्या सभेत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘नगरसेवक नाहीत तेच बरे. निदान मधले खाणारे तरी कमी झाले.’ बोलणारी माणसे सुशिक्षित असतात, आणि त्यांचा अनुभवही खोटा नसतो. पण या वाक्यात एक गोष्ट विसरली जाते. चांगला आयुक्त मिळणे हा नशिबाचा भाग आहे. त्याची बदली मंत्रालयातून होते आणि नागरिकाला ती सकाळच्या वर्तमानपत्रात कळते. जो आपल्याला विचारून आला नाही, तो आपल्याला सांगून जाणारही नाही.

या काळात पैशाचे काय झाले ते पाहू. कायद्याने आखलेली वाट अशी : आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवायचे, समितीने त्यात भर घालायची किंवा कात्री लावायची, मग महासभेने त्यावर चर्चा करून मंजुरी द्यायची. मोठ्या ठेक्यांची निविदाही स्थायी समितीच्या सोळा सदस्यांसमोरून जायची. मुख्य लेखापरीक्षकाचे आक्षेपही याच समितीपुढे यायचे. सभागृह गेले तेव्हा समिती आणि महासभा या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि त्यांचे अधिकार एका माणसाकडे आले. त्याचे पदनामच ‘प्रशासक तथा आयुक्त’. आयुक्त अंदाजपत्रक सादर करतात, प्रशासक ते स्वीकारतात. आयुक्त निविदा काढतात, प्रशासक ती मंजूर करतात. लेखापरीक्षक आक्षेप घेतात, ते प्रशासकांकडे जातात आणि खुलासा आयुक्तांनी करायचा असतो. आता तीन हजार कोटी रुपयांच्या वर गेलेले अंदाजपत्रक असे एका टेबलाच्या दोन बाजूंना फिरून येते. यात कोणी व्यक्ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रचनाच अशी झाली की प्रश्न विचारायला माणूस उरला नाही.

मग सभागृह होते तेव्हा प्रश्न विचारले जात होते का? इथे आपली खरी पंचाईत सुरू होते.

२०१५ ची निवडणूक आठवून पाहा. शिवसेना आणि भाजप राज्यात एकत्र सत्तेत होते आणि इथे एकमेकांच्या उरावर बसले होते. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी मतदानाआधी या शहरांसाठी साडेसहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. पैसे येणार कुठून, खर्च करणार कोण, यावर जुंपली. निकालात शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या, आणि काल एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन्ही पक्ष आज एकत्र सत्तेत बसले. सभागृहात विरोधक म्हणावे असे संख्याबळ कोणाकडे राहिले नाही. पॅकेजचा हिशेब प्रत्येक निवडणुकीत आठवतो, सभागृहात तो कोणी तारीखवार मांडून घेतला नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली होती, कारण कचऱ्याची व्यवस्थाच उभी राहिली नव्हती. म्हणजे सभागृह भरलेले असताना एक नागरी काम करून घ्यायला न्यायालयात जावे लागले. अनधिकृत बांधकामांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती अग्यार समिती नेमली गेली, तीही नगरसेवकांच्याच काळात. समिती आली आणि गेली, बांधकामे चालूच राहिली. २०१८ च्या जूनमध्ये एका अतिरिक्त आयुक्ताला लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हाही सभागृह होते. महासभेचा अजेंडा बाजूला ठेवून शेवटच्या घटकेला आणले जाणारे ‘ऐनवेळचे विषय’, त्यावर एका मिनिटात उमटणारा ‘मंजूर’चा घोष, गैरसोयीच्या दिवशी होणारी सभातहकुबी, हेही तेव्हाचेच; आणि टक्केवारी हा शब्द तर पालिकेच्या जिन्यावर कोणीही दबक्या आवाजात बोलत नाही. नगरसेवक परत आले म्हणजे जबाबदारीही आपोआप परत येईल, असे मानण्याइतके भोळे आपण राहू नये.

याचे मूळ पालिकेच्या कमाईत आहे. एकेकाळी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबे आणि पैसा रोज जमा होई. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तो गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देते, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. दुसरा मोठा पैसा बांधकामांच्या परवानग्यांतून, विकास शुल्कातून येतो. मोठे रस्ते आणि पूल एमएमआरडीए, नगरविकास खाते, सार्वजनिक बांधकाम खाते यांच्या निधीतून होतात. मालमत्ता कर तुम्ही-आम्ही भरतो, पण पालिकेचे डोळे सतत मुंबईकडे आणि बिल्डरकडे लागलेले असतात. ज्याच्याकडून पैसे येतात त्यालाच माणूस हिशेब देतो.

श्रेयाची भांडणे याच पैशातून उगवतात. नगरविकास खाते एकनाथ शिंदे यांच्याकडे, कल्याणचे खासदार त्यांचे चिरंजीव. डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण आधी सार्वजनिक बांधकाममंत्री आणि आता भाजपचे प्रदेशाध्यक्ष. दोघांचे पक्ष सत्तेत, दोन्ही मित्रपक्ष, आणि शहरातल्या एकाच रस्त्याच्या भूमिपूजनाचे दोन-दोन फलक. निधी कोणी आणला यावर कार्यकर्ते हमरीतुमरीवर येतात. तो रस्ता कोणत्या दराने गेला, दोषदायित्वाचा कालावधी किती, खड्डा पडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा की पालिकेने पुन्हा निविदा काढायची, यावर मात्र कोणाचे भांडण झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

यंदाच्या जुलैमध्ये काटई-पलावा पुलाचे काय झाले ते ताजे आहे. वर्षानुवर्षे रखडलेला पूल घाईने खुला झाला, पावसात दुचाक्या घसरल्या आणि काही तासांतच तो दुरुस्तीसाठी बंद करावा लागला. लोकांनी शिव्या पालिकेला घातल्या. पूल राज्याच्या यंत्रणेचा होता. उपनगरी शहरातल्या नागरिकाची ही रोजची कोंडी आहे. समोरचा रस्ता पालिकेचा, एमआयडीसीचा, एमएसआरडीसीचा की रेल्वेचा, हे कळेपर्यंत त्याची गाडी सुटलेली असते.

आणि घरांचे काय? बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. हजारो कुटुंबे कर्जाचे हप्ते भरत त्या घरांत राहत आहेत. अनधिकृत बांधकामावरही पालिका मालमत्ता कर लावू शकते, कायद्यात त्यावर शास्तीची तरतूद आहे, आणि कर भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. करविभागाला जी इमारत मोजता येते, ती नगररचना विभागाला दिसू नये, हा चमत्कार एका खात्याच्या चुकीने घडत नाही. सात-सात मजले चढताना ‘ग’ प्रभाग कार्यालयापासून ‘ई’ प्रभाग कार्यालयापर्यंत कितीतरी जणांनी रस्ता बदलला असणार.

शहरालगतच्या २७ गावांची कहाणीही वेगळी नाही. १९८३ मध्ये ती पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यातली १८ गावे वगळायचे ठरले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तिथल्या भूमिपुत्रांचा मुद्दा साधा आहे : कर शहराचा, पाणी मात्र गावाच्याही नशिबी नाही. शहराची हद्द कुठवर, हेसुद्धा जिथे शहराला विचारून ठरत नाही, तिथे कराच्या दराबद्दल कोण विचारणार?

आता नवी निवडणूक. १२२ जागा, पण प्रारूप रचनेनुसार त्या ३१ प्रभागांत विभागलेल्या : २९ प्रभागांत चार-चार नगरसेवक, दोन प्रभागांत तीन-तीन. २०१५ मध्ये एका प्रभागाला एकच नगरसेवक होता. गटार तुंबले तर कोणाच्या दारात जायचे हे निदान ठाऊक होते. आता चौघे चार दिशांना बोट दाखवतील, आणि चौघे वेगळ्या पक्षांचे निघाले तर विचारूच नका. भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा अशाच कारभारावरून पाडली असावी.

म्हणून या अंकातून आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. मतदान हा हिशेबाचा पहिला दिवस आहे, आणि उरलेल्या दिवसांची तजवीज कायद्यात आधीपासून आहे. अंदाजपत्रक हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. लेखापरीक्षणाचे अहवाल मागता येतात. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. मतदारांच्या क्षेत्रसभा घ्यायची तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात केली. ती कागदावरच राहिली, कारण ती कोणत्याच पक्षाला नको होती आणि आपण कोणी मागितली नाही. हेच शहर १९९९ मध्ये गुढीपाडव्याला पहिली नववर्ष स्वागतयात्रा काढते आणि मग सारा महाराष्ट्र तिचे अनुकरण करतो. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर हजारो तरुण कोणी न बोलावता जमतात. साहित्य संमेलन आपण २०१७ मध्ये पेलले. जमायचे कसे, हे या गावाला शिकवावे लागत नाही. पालिकेच्या प्रभाग कार्यालयात मात्र आपण दाखला हवा असेल तेव्हाच जातो.

अंकाच्या मुख्य विभागात एका निवृत्त लेखाधिकाऱ्याने अंदाजपत्रक वाचायचे कसे, ते सोप्या भाषेत सांगितले आहे. एका माजी नगरसेविकेने महासभेतले आपले दिवस मोकळेपणाने लिहिले आहेत, आणि स्वपक्षालाही सोडलेले नाही. २७ गावांतल्या एका शिक्षकाचा लेख पाण्याच्या टँकरवर आहे. एका ठेकेदाराने निनावी राहण्याच्या अटीवर बिल कसे निघते ते सांगितले. तो लेख आम्ही दोनदा तपासून, नावे गाळून छापला आहे. कथा, कविता, ललित आणि व्यंगचित्रे नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिमाखात आहेतच. काही जाहिरातदारांनी विषय कळल्यावर जाहिरात मागे घेतली. त्यांच्यावर आमचा राग नाही, आणि पाने आम्ही लेखांनी भरून काढली आहेत.

येत्या काही आठवड्यांत इच्छुक तुमच्या दारी येतील. त्यांना चहा द्या, आणि तीन प्रश्न विचारा. आमच्या प्रभागात गेल्या पाच वर्षांत कोणत्या कामावर किती रुपये खर्च झाले? शेवटच्या लेखापरीक्षणातला एक तरी आक्षेप तुम्हाला ठाऊक आहे का? निवडून आल्यावर क्षेत्रसभेची पहिली तारीख कोणती? उत्तर आले नाही तर तसे सांगा, आणि जो निवडून येईल त्याला दर सहा महिन्यांनी हेच पुन्हा विचारा. दोन-चार सोसायट्यांनी एवढे केले तरी पालिकेतल्या फायली जरा जपून लिहिल्या जातील.