ग्रंथ कपाटात, वाचन मोबाइलवर

वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आता काही विहारांत मोबाइलवरून होऊ लागले आहे. वाचणाऱ्याच्या हातात मोबाइल, ऐकणाऱ्यांच्या मांडीवर पीडीएफ आणि ग्रंथ मात्र कपाटात! यात सोय आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण डोळे, झोप आणि समज या तिन्हींना त्याची झळ बसते.

एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते. स्क्रीनकडे टक लावली की ती बरीच कमी लवते, डोळ्यांतला ओलावा वाळतो आणि चुरचुर, लाली, डोकेदुखी सुरू होते. पुस्तक वाचतानाही पापणी कमी लवते, नाही असे नाही. पण पुस्तक हातभर लांब असते, मोबाइल नाकाशी येतो. चाळिशी ओलांडलेल्यांचे हाल तर विचारूच नका.

कष्टकरी माणसाला वाचायला रात्रच मिळते. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ जणांनी झोपण्यापूर्वी काही रात्री छापील पुस्तक, तर काही रात्री स्क्रीनवरचे पुस्तक वाचले. स्क्रीनच्या रात्री झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन घटले, झोप उशिरा लागली आणि सकाळी मरगळ राहिली. प्रयोग लहानच होता. पण पहाटे कामावर जाणाऱ्याने तो मनावर घ्यावा.

आम्हाला जास्त काळजी आहे ती समजण्याची. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर अधिक नीट समजतो आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यातून दिसले. कथा-गोष्टींत मात्र फरक आढळला नाही. आमची मुले एमपीएससीचा अभ्यास ग्रुपवर आलेल्या पीडीएफवर करतात. घड्याळ लावून वाचायचा, माहितीने भरलेला मजकूर तो हाच.

पुस्तके महाग आहेत, हे खरे. पण जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवले, तर विहारात अभ्यासाच्या पुस्तकांचे कपाट उभे राहील. मंडळांनी यंदा एवढे करावेच. दीक्षाभूमी, चैत्यभूमीवरून येताना मोठ्या अक्षरांची प्रत बघून घ्यावी.

दृष्टी अधू असलेल्यांनी मात्र अक्षर मोठे करून मोबाइलवर खुशाल वाचावे. डोकेदुखी किंवा डोळ्यांतले पाणी आठवडाभर थांबले नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. चष्म्याचा नंबर बदललेला असू शकतो.