शेतातला स्पीकर : डुक्कर हाकला, पण तितर बोलवू नका

विश्लेषण | ग्रामीण प्रतिनिधी, सोलापूर

मक्याला कणसं लागली, भुईमुगाच्या शेंगा भरल्या की आपल्याकडं रात्रीच्या रानात स्पीकर सुरू होतात. कुठं वाघाची डरकाळी, कुठं कुत्र्यांचं भुंकणं, तर कुठं माणसानं स्वतःचंच ओरडणं रेकॉर्ड करून लावलेलं. मेमरी कार्ड, एक बॅटरी आणि बांधावर कर्णा, एवढ्यावर काम भागतं. रात्रभर जागणाऱ्या शेतकऱ्याला तेवढाच आधार.

पण हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर आता दुसऱ्या कामालाही लागलाय. पहाटे माळावर किंवा पडीक रानात तो झुडपाखाली ठेवायचा, मोबाईलवरनं तितराचा नाहीतर लावरीचा आवाज लावायचा, भोवती फासे किंवा जाळं मांडायचं आणि लांब जाऊन बसायचं. पाखरू आपल्या पायानं चालत येतं.

स्पीकर दोन्हीकडं सारखाच. पण एक जनावर हाकलतो आणि दुसरा बोलावतो. हा फरक ज्याला कळला नाही, तो पोरगा पाव किलो मटणापायी तुरुंगाच्या दारात जाऊन उभा राहतो.

पाखरू आवाजाला का येतं?

तितराचा नर आपला इलाखा धरून राहतो. सकाळी "कातीतर-कातीतर" ओरडतो ते "ही जागा माझी आहे" हे सांगायला. त्याच जागेत दुसऱ्या नराचा आवाज आला की त्याला वाटतं, कोणीतरी घुसलं. तो भांडायला धावून येतो. त्याला काय माहीत, झुडपाखाली स्पीकर आहे ते.

लावरीचं थोडं वेगळं. हिवाळ्यात उत्तरेकडनं येणाऱ्या लावऱ्या रात्री उडतात. खालून आपल्या जातीचा आवाज आला की त्यांना वाटतं, इथं चारा आहे, सोबत आहे. म्हणून त्या तिथंच उतरतात. रात्रभर स्पीकर चालला तर पहाटे तेवढ्याच तुकड्यात कितीतरी लावऱ्या गोळा झालेल्या असतात.

आवाजाला जास्त जोरात येतो तो विणीच्या दिवसातला नर. तितराची वीण मुख्यतः उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते आणि घरटं जमिनीवरच असतं. त्या दिवसांत धरलेलं पाखरू म्हणजे पुढची पिढीच कापल्यासारखं आहे.

पूर्वी शिकार नव्हती का?

होती. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातला तितर बोलवायची रीत जुनी आहे. पण त्याला पाळलेलं पाखरू लागायचं, ते सांभाळायला माणूस लागायचा, अंगात कसब लागायचं. पाखरू थकलं की गप्प बसायचं. स्पीकर थकत नाही. ज्याला तितराची मादी ओळखता येत नाही, असं कॉलेजचं पोरगंही आज तो लावू शकतं. म्हणून गावात शिकार झाली की एकाच समाजाकडं बोट दाखवायची सवय आता सोडली पाहिजे. स्पीकरला जात नसते.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातली शिकारीची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी आहे. मारणं ही तर शिकार आहेच. पण पकडणं, फासे लावणं, सापळा मांडणं, आमिष दाखवणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. म्हणजे जाळं मांडून आवाज लावला आणि एकही पाखरू आलं नाही, तरी गुन्हा होऊ शकतो. "साहेब, काही घावलंच नाही" ही सबब चालत नाही.

हा कायदा 2022 साली दुरुस्त झाला आणि नवीन तरतुदी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्या. तितर, लावरी ही संरक्षित पाखरं आहेत. त्यांच्या शिकारीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी दंडाची ही मर्यादा 25 हजार होती. मोर, काळवीट, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथं शिक्षा कमीत कमी 3 वर्षं आणि 7 वर्षांपर्यंत. वर गुन्ह्यात वापरलेली मोटारसायकल, जाळं, स्पीकर, मोबाईल हे सगळं जप्त होतं.

आणि आपली पोरं काय करतात, तर तितर धरल्याची रील टाकतात. तोंड दिसतंय, रान दिसतंय, तारीख दिसतीय. वनखात्याला पुरावा शोधायला यायची गरजच नाही.

परदेशातली रील बघून फसू नका

मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरतात. रिमोटवर चालणारा स्पीकर ठेवायचा, जखमी सशाचा आवाज लावायचा आणि कायोट नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी आला की गोळी घालायची. तिथल्या बऱ्याच राज्यांत कायोटसाठी हे चालतं. पण त्याच अमेरिकेत बदकांच्या शिकारीला रेकॉर्ड केलेला आवाज लावायला बंदी आहे. बर्फाळ भागातल्या पांढऱ्या हंसांची संख्या इतकी वाढली की ते उत्तरेकडची गवताळ जमीन खरवडून टाकू लागले, तेव्हा 1999 साली फक्त त्यांच्यापुरती सूट दिली गेली. युरोपनं तर 1979 च्या पक्षी कायद्यातच टेपरेकॉर्डर लावून पाखरं धरण्यावर बंदी घातली. इजिप्तच्या समुद्रकिनाऱ्यावर असेच आवाज लावून लावऱ्या जाळ्यात ओढल्या जातात, त्यावर जगभर ओरड आहे.

म्हणजे जिथं शिकारीला परवाना मिळतो, तिथंसुद्धा स्पीकरला लगाम आहे. कारण त्यानं पाखराला सुटायची संधीच राहत नाही. आपल्याकडं तर मुळात शिकारच बंद आहे.

आवाजाचा चांगला उपयोगही आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड 113 वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. 1997 साली ते आपल्याच राज्यात शहाद्याजवळ सापडलं. पुढं मेळघाटासारख्या जंगलात ते कुठं कुठं आहे हे शोधायला अभ्यासकांनी रेकॉर्ड केलेला आवाज लावून उत्तर येतंय का ते ऐकलं. पण ते काम परवानगी घेऊन, थोडा वेळ आवाज लावून नोंद करण्याचं. फोटोसाठी तासभर आवाज लावून बसणारे हौशी लोकही पाखराला घरट्यावरनं उठवतात, हे त्यांनीही ध्यानात घ्यावं.

आपलं काय जातंय?

तितर वाळवी खातो, किडे खातो, तणाचं बी खातो. दाणेही खातो, नाही असं नाही. पण माळावरचं पाखरू गेलं की परत आणता येत नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. 1979 साली नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी अभयारण्य झालं. 8 हजार चौरस किलोमीटरच्या वर असलेलं ते क्षेत्र पुढं 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. जमिनीच्या व्यवहारावरनं लोकांनी भांडणं केली, माळ नांगरला गेला, आणि आज माळढोक दिसला तर ती बातमी होते. तितर आज बांधाबांधावर आहे, म्हणून त्याची किंमत वाटत नाही.

मग डुकराचं काय करायचं?

हाकलायला स्पीकर लावा, पण तो एकटा पुरत नाही. एकच आवाज, एकाच जागी, रोज त्याच वेळी लावला तर डुक्कर थोड्याच रात्रीत सरावतं आणि कर्ण्याखाली उभं राहून मका खातं. आवाज बदलत राहा, जागा बदला, मध्ये मध्ये बंद ठेवा, सोबत बॅटरीचा उजेड आणि माणसाची फेरी ठेवा. पीक नाजूक असेल तेवढेच दिवस लावा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर कर्ण्याला ध्वनिप्रदूषणाचा नियम आडवा येतो, तेव्हा वस्तीकडं तोंड करू नका. शेजाऱ्याशी बोलून ठेवा, नाहीतर तुमचं डुक्कर त्याच्या भुईमुगात जातं.

कुंपणात वीज सोडण्यापेक्षा स्पीकर शंभर पटीनं बरा. त्या तारेला जनावराआधी घरचं माणूस चिकटतं.

रानडुकरालाही परवानगीशिवाय मारता येत नाही. पिकाचं नुकसान फार होत असेल तर कायद्यात लेखी परवानगीची वाट आहे, त्यासाठी वनक्षेत्रपालांकडं अर्ज करा. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून भरपाईचा अर्ज द्या, उशीर करू नका. आणि पहाटे माळावर तितर एकाच सुरात, एकाच जागेवरनं, न थांबता ओरडतोय असं वाटलं तर तो तितर नसणार. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. त्याआधी आपल्या घरातला स्पीकर कुठंय, तेही बघून घ्या.